प्रबंधातील निखळलेले संदर्भ

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली, त्यानंतर बराच काळ कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील संशोधक आपले संदर्भ कार्डांवर उतरवून घेत, ती कार्डे लेखकाच्या आडनावानुसार लावून ठेवत आणि प्रबंध टंकलिखित होण्याच्या सुमारास त्यांवरून संदर्भसूची तयार करत. या पद्धतीत चुका होत नसत असे मुळीच नाही. परंतु झालेली चूक जिथे झाली तिथेच राहत असे आणि एका कार्डावरचे वर्ष चुकले म्हणून उरलेल्या प्रबंधाला धक्का लागत नसे. संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आल्यावर कष्ट कमी झाले, पण चुकीचे स्वरूपही बदलले. आता एका आज्ञेसरशी तीनशे पानांतील चार-पाचशे संदर्भ एकदम बदलू शकतात, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवल्यानंतर नेमके हेच घडले, तर प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर असलेल्या संशोधकाला आपले नेमके काय बिघडले आहे हे कळायलाच अनेक दिवस लागतात.

या सॉफ्टवेअरपैकी तीन नावे विशेष प्रचलित आहेत. एंडनोट हे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेले आणि विकत घ्यावे लागणारे साधन आहे. झोटेरो हे अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले मुक्त आणि मोफत साधन आहे. तर मेंडेली हे लंडनमध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले. तिघांचे मूळ काम एकच आहे: पुस्तके, लेख, प्रबंध यांच्या नोंदी एका संग्रहात साठवायच्या, लिहिताना त्यातली हवी ती नोंद निवडून मजकुरात संदर्भखूण घालायची, म्हणजे कंसातील लेखक-वर्ष, चौकटी कंसातील अनुक्रमांक किंवा तळटीप यांपैकी जे लागेल ते घालायचे, आणि शेवटी वापरलेल्या सर्व नोंदींची संदर्भसूची आपोआप तयार करायची.

बिघाड समजून घ्यायचा तर पानावर दिसणारी संदर्भखूण म्हणजे साधा मजकूर नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. वर्डमध्ये उघडलेल्या प्रबंधात आल्ट आणि एफ-९ या कळा एकत्र दाबल्या की '(लठ्ठे, १९२४)' असे जिथे दिसत होते तिथे महिरपी कंसात अनेक ओळींचा सांकेतिक मजकूर उघडतो. त्याच्या सुरुवातीला ही खूण कोणत्या साधनाने घातली याची नोंद असते, पुढे त्या पुस्तकाचे शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष असा तपशील असतो आणि झोटेरोच्या बाबतीत त्या नोंदीची आठ अक्षरांची किल्लीही असते. या लपलेल्या भागाला 'फील्ड' म्हणतात. त्याच कळा पुन्हा दाबल्या की पान पूर्ववत दिसते. हे फील्ड संग्रहातील मूळ नोंदीकडे बोट दाखवते, आणि ती नोंद कोणत्या रूपात छापायची हे शैली-फाइल नावाची तिसरी गोष्ट ठरवते, ज्यात एखाद्या संदर्भपद्धतीचे सगळे नियम यंत्राला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेले असतात. दस्तऐवजातील फील्ड, संग्रहातील नोंद आणि शैली-फाइल या तिघांचा मेळ बसला तरच पानावर योग्य अक्षरे उमटतात. सॉफ्टवेअर अद्ययावत होते तेव्हा या तिघांपैकी कोणतीही एक बदलू शकते, आणि दुरुस्तीची खरी सुरुवात 'यांतली कोणती बदलली' या प्रश्नाने व्हायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती 'रिफ्रेश' दाबण्याची, आणि तीच सर्वांत शेवटी करायची असते. कारण रिफ्रेश म्हणजे नव्या नियमांनी सगळे संदर्भ पुन्हा लिहिणे, आणि तसे झाल्यावर फाइल जतन केली की जुने रूप हाताशी उरत नाही.

सर्वांत सोपा बिघाड जोडणीचा असतो. संदर्भ-साधन आणि वर्ड यांच्यामध्ये एक छोटा दुवा-प्रोग्रॅम असतो, त्याला प्लगइन म्हणतात. मुख्य साधन नवे झाले आणि प्लगइन जुनेच राहिले, किंवा विषाणूरोधक प्रोग्रॅमने ते अडवले, की वर्डमधील पट्टी गायब होते किंवा बटण दाबूनही काही घडत नाही. अशा वेळी संदर्भ शाबूत असतात. झोटेरोत सेटिंग्जमधून प्लगइन पुन्हा बसवले आणि वर्ड पूर्ण बंद करून उघडले की काम बहुधा भागते. याची फार चिंता करण्याचे कारण नाही.

मेंडेलीचे प्रकरण मात्र गंभीर होते. जुने मेंडेली डेस्कटॉप सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येईनासे झाले आणि त्याच्या जागी मेंडेली रेफरन्स मॅनेजर व वर्डसाठी मेंडेली साइट ही जोडी आली. जुने प्लगइन संदर्भ फील्डमध्ये ठेवत असे, तर नवे साधन ते वर्डच्या 'कंटेंट कंट्रोल' या वेगळ्याच रचनेत ठेवते. त्यामुळे जुना प्रबंध नव्या साधनात उघडला की त्यातील संदर्भांचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतर झालेली फाइल जुन्या प्लगइनला ओळखता येत नाही. प्रबंधावर दोन ठिकाणी काम होत असेल, म्हणजे विभागातील संगणकावर जुने मेंडेली आणि घरच्या लॅपटॉपवर नवे अशी स्थिती असेल, तर एकाच फाइलमध्ये दोन जातींचे संदर्भ साठत जातात, सूचीत फक्त एका जातीचे येतात आणि उरलेले मजकुरात जिवंत दिसत असूनही प्रत्यक्षात सूचीपासून तुटलेले असतात. यावर उपाय एकच: कोणते साधन वापरायचे ते सर्व यंत्रांवर एकसारखे ठरवायचे, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायची आणि रूपांतर एकदाच, एकाच यंत्रावर करायचे. झोटेरोतही यासारखी एक अडचण आहे. नव्या आवृत्तीने एकदा संग्रहाची फाइल सुधारली की जुन्या आवृत्तीला ती उघडता येत नाही. मोठ्या बदलाआधी साधन स्वतःच संग्रहाची एक प्रत बाजूला काढून ठेवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नोंदींच्या किल्लीमुळे होणारा घोटाळा सर्वाधिक वेळ खातो. समजा, कोल्हापूर संस्थानावरील प्रबंधात अण्णा बाबाजी लठ्ठे यांच्या १९२४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या शाहू छत्रपतींच्या चरित्राचा पन्नास ठिकाणी हवाला दिला आहे. संशोधकाने नवा संगणक घेतला आणि संग्रह जसाच्या तसा न हलवता नोंदी एका फाइलमध्ये निर्यात करून नव्या यंत्रात आयात केल्या, तर पुस्तक तेच राहिले तरी त्याच्या नोंदीची किल्ली बदलते. जुन्या पन्नास खुणा जुन्या किल्लीकडे पाहत राहतात, फील्डमध्ये तपशील साठवलेला असल्याने त्या पानावर ठीकही दिसतात. पण पुढच्या प्रकरणात त्याच पुस्तकाचा एक्कावन्नावा हवाला नव्या किल्लीने पडतो आणि साधनाच्या हिशेबी ही दोन वेगळी पुस्तके ठरतात. मग सूचीत लठ्ठे दोनदा येतात आणि मजकुरात १९२४ च्या पुढे ए, बी अशी अक्षरे चिकटतात, जणू त्या एका वर्षात त्यांनी दोन चरित्रे लिहिली. एंडनोटमध्ये हेच नोंदीच्या अनुक्रमांकामुळे घडते, कारण तिथे तात्पुरती संदर्भखूण लेखक, वर्ष आणि नोंद-क्रमांक यांनी बनते आणि नोंदी नव्या संग्रहात भरल्या की क्रमांक नव्याने पडतात. झोटेरोत दोन्ही नोंदी एकाच संग्रहात असतील तर त्या 'मर्ज' म्हणजे एकत्रित कराव्यात; तसे केल्यास जुनी किल्ली कोणत्या नोंदीत विलीन झाली याची स्मृती साधन ठेवते आणि जुने हवाले आपोआप सांधले जातात. एक नोंद पुसून टाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पुसलेल्या नोंदीची अशी स्मृती राहत नाही. जुनी नोंद नव्या संग्रहात मुळातच नसेल, तर त्या पन्नास ठिकाणी नवी नोंद हाताने निवडण्यावाचून गत्यंतर नसते. एंडनोटचा संग्रह हलवताना आणखी एक पथ्य आहे: मुख्य फाइलबरोबर त्याच नावाचे डेटा-फोल्डर हलवावे लागते. निव्वळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जाणारे अर्धाच संग्रह घेऊन जातात.

नावांच्या लेखनातूनही असाच गोंधळ होतो, आणि त्याचा दोष नव्या आवृत्तीवर ढकलता येत नाही. एका नोंदीत 'ए. बी. लठ्ठे', दुसरीत 'अण्णासाहेब लठ्ठे', तिसरीत नावामागे दिवाणबहादूर ही पदवी असे असेल, तर साधन त्यांना तीन लेखक समजते, आणि अनेक शैलींत एकाच आडनावाचे दोन लेखक आढळले की वेगळेपणा दाखवण्यासाठी संदर्भखुणेत आद्याक्षरे घालण्याचा नियम असतो. जुन्या आवृत्तीत किंवा जुन्या शैलीत हा नियम तितक्या काटेकोरपणे लागू होत नसेल, तर नवी आवृत्ती आल्यावर मजकुरात एकाएकी आद्याक्षरे उगवतात. मराठी ग्रंथांच्या नोंदी हाताने भरताना 'डॉ.', 'प्रा.', 'संपा.' हे सारे नावाच्याच रकान्यात टाकण्याची सवय सर्रास दिसते. संपादकासाठी वेगळी भूमिका निवडण्याची सोय असते आणि पदव्या गाळायच्याच असतात. एवढे केले तरी निम्मे संदर्भ सरळ होतात.

शैली-फाइल बदलल्याने काय होते याचे उत्तम उदाहरण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या, संदर्भपद्धतीचे आहे. तिची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि काही काळातच संदर्भ-साधनांतील 'एपीए' या नावामागची फाइल सहाव्याऐवजी सातव्या आवृत्तीची झाली. साधन शैली आपोआप अद्ययावत करत असल्याने अर्धा प्रबंध लिहून झालेल्यांना काहीही न करता सूची बदललेली दिसली. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सर्वांची आडनावे येत, सातव्यात तीन लेखक झाले की पहिल्या उल्लेखापासूनच एक आडनाव आणि 'व इतर' एवढेच येते. उलट सूचीत पूर्वी सात लेखकांपर्यंतच सगळी नावे देत, ती मर्यादा आता वीसवर गेली. पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्रातील निबंधांना आठ-दहा लेखक असणे नित्याचे असल्याने तिथे सूची एकदम फुगते. मराठी संशोधनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल असा की पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ गेले. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनीने कोल्हापुरात प्रसिद्ध केला. नव्या नियमानुसार छापल्यास त्यातील 'कोल्हापूर' वगळले जाते. मोठ्या जागतिक प्रकाशकांच्या बाबतीत शहराचे नाव अनावश्यक असेलही, परंतु जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या, एकाच नावाच्या अनेक प्रकाशनसंस्था असणाऱ्या मराठी ग्रंथव्यवहारात ते नाव म्हणजे ग्रंथ शोधण्याचा धागा असतो. सूचीतून स्थळ नाहीसे झाले म्हणून नोंदी बिघडल्या असे समजून ते प्रकाशकाच्या रकान्यात कोंबण्याचे कारण नाही; संग्रहात ते सुरक्षित असते. विद्यापीठाला किंवा मार्गदर्शकांना जुनी पद्धत मान्य असेल तर सहाव्या आवृत्तीची शैली वेगळी बसवून दस्तऐवजासाठी ती निवडावी, आणि काम पूर्ण होईपर्यंत शैलींचे आपोआप अद्ययावत होणे बंद ठेवावे.

हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जाण्याची तक्रार मराठी प्रबंधांत जास्त आढळते, आणि तिचे कारण साधे आहे. शैलीबरोबर एक भाषा-फाइलही काम करत असते, जिच्यातून 'आणि', 'संपादक', 'पृष्ठ', 'व इतर' यांसारखे शब्द येतात. ती इंग्रजी असेल तर मराठी पुस्तकाच्या नोंदीतही इंग्रजी शब्द उमटतात. संशोधक मग संदर्भसूचीत एकेक शब्द बदलत बसतो, तळटिपांत 'तत्रैव' आणि 'उनि' हाताने लिहितो आणि काम संपले असे समजतो. परंतु सूची हेही एक फील्डच असल्याने पुढच्या रिफ्रेशला ती मूळ नोंदींवरून पुन्हा रचली जाते आणि दोन दिवसांची मेहनत क्षणात जाते. मजकुरातील एखादी खूण हाताने बदलली असेल तर झोटेरो निदान विचारते. सूचीच्या बाबतीत असा इशारा मिळेलच असे नाही. म्हणून अशी डागडुजी अगदी अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी, किंवा शैली-फाइलच जाणकाराकडून मराठीसाठी बदलून घ्यावी. ग्रंथालयशास्त्र जाणणाऱ्या माणसाला हे काम अवघड नाही, आणि विभागाने एकदा करून ठेवले तर सगळ्यांच्या उपयोगी पडते.

देवनागरीचे काही प्रश्न याहून खोल आहेत. शहरांतील डीटीपी केंद्रांत मराठी मजकूर वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा त्यासारख्या जुन्या फॉन्टांत टंकला गेला आणि आजही काही प्रमाणात टंकला जातो. या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसत असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक सांकेतिक पद्धतीतील, नोंद अशा परिच्छेदात घातली की संदर्भ वेगळ्याच अक्षरवळणात येतो, आणि जुन्या फॉन्टातला मजकूर नोंदीत चिकटवला तर सूचीत निरर्थक चिन्हांची माळ दिसते. साधन बदलून हे सुटत नाही; मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावाच लागतो, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ तपासावे लागतात. युनिकोडमध्येही 'ॲ' हे अक्षर एका संकेताने किंवा 'अ' आणि अर्धचंद्र अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, परंतु यंत्राला ती वेगळी वाटू शकतात, म्हणून 'ॲकॅडमी' ने सुरू होणाऱ्या दोन नोंदी सूचीत एकमेकींपासून दूर जाऊन बसतात. वर्षाच्या रकान्यात देवनागरी अंक लिहिले तर साधन त्यांना वर्ष म्हणून ओळखेलच अशी खात्री नसते, आणि शके १८४६ असे लिहिल्यास काळाचा क्रम पार चुकतो. नोंदीत इसवी सनाचे वर्ष आंतरराष्ट्रीय अंकांत ठेवावे, शक टीपेच्या रकान्यात द्यावा आणि छापील रूपातील अंक शेवटी बदलावेत, हे दिसायला थोडे विचित्र असले तरी निभावून नेणारे आहे.

रिफ्रेश करताना साधन चूक दाखवून थांबते आणि कुठे अडले ते सांगत नाही, तेव्हा एक जुनी युक्ती कामी येते. फाइलची प्रत घ्यायची, तिचा उत्तरार्ध काढून टाकायचा आणि रिफ्रेश करायचे. चूक राहिली तर दोष पूर्वार्धात आहे, गेली तर उत्तरार्धात. ज्या अर्ध्यात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. तीनशे पानांचा प्रबंध असा नऊ वेळा दुभागला की दोषी पान हाती येते, आणि तिथे बहुधा एका संदर्भखुणेच्या पोटात चुकून घातलेली दुसरी खूण, अर्धवट पुसलेले फील्ड, किंवा 'ट्रॅक चेंजेस' चालू असताना काढलेली पण अद्याप स्वीकारलेली नसलेली खूण सापडते. दोषी खूण समूळ काढून नव्याने घातली की काम होते. मजकूर-चौकटीतील आणि आकृत्यांच्या शीर्षकांतील संदर्भ आधी तपासावेत, कारण अनुक्रमांकाच्या पद्धतीत क्रम चुकण्याचे मूळ अनेकदा तिथे असते. फाइल फार मोठी असेल तर झोटेरोत संदर्भ आपोआप अद्ययावत होणे थांबवता येते; त्यामुळे प्रत्येक खुणेनंतर वर्ड गोठून बसत नाही.

काही खुणा मात्र फील्ड उरलेल्याच नसतात. मार्गदर्शकांना पाठवलेले प्रकरण मोबाइलवर किंवा गूगल डॉक्समध्ये उघडले जाते, तिथेच दुरुस्त्या होतात, ती फाइल परत येते आणि संशोधक तीच पुढे वापरतो. या प्रवासात फील्ड गळून जाऊन साधा मजकूर उरतो. वर्डच्या पर्यायांत फील्डना कायम करडी छटा देण्याची सोय आहे. ती चालू केली की जिवंत खुणा करड्या दिसतात आणि मेलेल्या पांढऱ्याच राहतात, त्यामुळे पाने नुसती चाळूनही तुटलेले संदर्भ हेरता येतात. ही तपासणी वरवरची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले असून श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची साम्यातून वगळली जातात. ज्या अवतरणाची संदर्भखूण गळाली ते श्रेयाविना घेतलेले ठरण्याचा धोका असतो.

पदार्थविज्ञान आणि गणितातील जे संशोधक वर्डऐवजी लाटेक् ही मजकूर-जुळणीची प्रणाली वापरतात त्यांचे दुखणे वेगळे असते. तिथे संदर्भांच्या जागी ठळक अक्षरांत नोंदींच्या किल्ल्याच दिसल्या तर बहुधा बिबलाटेक् आणि बायबर या दोन घटकांच्या आवृत्त्या जुळलेल्या नसतात. दोन्ही एकत्र अद्ययावत करून आधीच्या खेपेच्या साहाय्यक फाइली पुसल्या आणि प्रबंध पुन्हा चालवला की संदर्भ नीट उमटतात.

एक अडचण शोधगंगेशी निगडित आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या ऑनलाइन प्रबंधसंग्रहासाठी प्रबंध प्रकरणवार पीडीएफ स्वरूपात द्यावा लागतो, आणि म्हणून अनेक जण वर्डची फाइलच तोडून प्रत्येक प्रकरण वेगळे करतात. तोडलेल्या फाइलीत रिफ्रेश झाले की अनुक्रमांक प्रत्येक प्रकरणात एकपासून सुरू होतात, आणि ए, बी ही अक्षरे त्या प्रकरणापुरती नव्याने ठरतात. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणातील 'पवार २००१ बी' हा ग्रंथ पाचव्यात नुसता 'पवार २००१' होतो. त्याऐवजी अखंड प्रबंधाची एकच पीडीएफ करून ती पानांनुसार विभागावी.

सगळे संदर्भ तपासून झाल्यावर फाइलची प्रत घेऊन तिच्यातील फील्ड साध्या मजकुरात बदलावीत. झोटेरोत त्यासाठी 'अनलिंक' असे बटण असते. मराठी शब्द, देवनागरी अंक, 'तत्रैव' या सगळ्या हातच्या दुरुस्त्या त्या प्रतीत कराव्यात आणि छपाईला तीच द्यावी. जिवंत फील्ड असलेली मूळ फाइल, संग्रहाची संपूर्ण प्रत आणि वापरलेली शैली-फाइल या तीन गोष्टी मौखिक परीक्षा होईपर्यंत एका फोल्डरात राखून ठेवाव्यात, कारण परीक्षकांचे अहवाल येऊन दुरुस्त्या करण्याची वेळ येते तोवर कित्येक महिने उलटलेले असतात आणि संगणकावर साधनाची आणखी एक नवी आवृत्ती बसलेली असते.